कोणाविरुद्धही तक्रार नाही

“मयताचं वय?”

“नऊ.”

“मयताचा व्यवसाय?”

मी कारकुनाकडे बघत राहिले. त्यानं मान वर केली नव्हती. पेन कागदावर टेकवून तो उत्तराची वाट बघत होता.

“चौथीत होती,” मी म्हणाले.

“ते कळलं हो बाई. पण रकाना मोकळा सोडता येत नाही. निरंक लिहितो.” त्यानं लिहिलं. “विवाहित की अविवाहित?”

माझ्या शेजारी हे बसले होते. हे म्हणजे माझे मालक, निवृत्ती लोंढे. ह्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. चार महिने झाले होते, ह्यांच्यापर्यंत काय पोचतं नि काय नाही ते कळतच नव्हतं. मी पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला आणि म्हणाले, “अविवाहित.”

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आमच्या रोहिणीच्या अंगावर शाळेतल्या मुलींच्या मुतारीची भिंत पडली, त्या जुलैनंतरचा तो नोव्हेंबर. तहसील कचेरीतली ती आमची सहावी खेप होती. प्रत्येक खेपेला समोर नवा माणूस असायचा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागायचं. भिंत किती वाजता पडली. मुलगी जागेवर गेली की दवाखान्यात नेताना. सांगून झालं की तो एखादा कागद कमी असल्याचं सांगायचा.

भिंत पडली तेव्हा मी तिथंच होते. शाळेची खिचडी मीच शिजवायची. मधली सुट्टी झाली होती, मी मुलांना वाढत होते, आणि मागून धप्पकन आवाज आला. मला वाटलं, तांदळाचं पोतं कलंडलं. मी पुढच्या पोराच्या ताटात डाव ओतला आणि मगच वळले. तेवढा एक डाव मी वाढला.

तिसऱ्या दिवशी पुढारी आले, गाड्या आल्या, फोटो निघाले, आणि सरकार चार लाख देणार असं पेपरात छापून आलं. तेव्हापासून आमच्या घराकडे बघायची लोकांची नजर बदलली. गिरणीत बायका पीठ घेता घेता विचारायच्या, “आले का गं?” ह्यांची चुलती तर दहाव्यालाच म्हणाली, “आता तेवढं पक्कं घर बांधून घ्या.” आमची पोर लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली, एकुलती एक. आणि ही बाई मला घर बांध म्हणते! मी तिच्या हातातली चहाची कपबशी काढून घेतली आणि तिला दाराबाहेर काढलं. लोक म्हणाले, कौसल्या सैरभैर झालीय.

मी सैरभैर नव्हते, मला राग येत होता. सैरभैर हे झाले होते. गवंडीकामात ह्यांचा हात धरणारा आसपासच्या पाच गावांत नव्हता, पण त्या दिवसापासून थापी हातात धरली नाही. सकाळी दाराशी बसायचे ते ऊन पाठीवर येईपर्यंत. वाढलं तर दोन घास, सांगितलं तर अंघोळ. दिवाळीच्या आधी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर सापडले, दोन्ही पाय आत सोडून बसलेले. मळेकऱ्यानं हाताला धरून घरी आणलं. गावातले डॉक्टर म्हणाले, “ह्यांना मनाच्या डॉक्टरला दाखवा. मिरजेत एक चांगले आहेत, पण महाग आहेत. वर्ष-दोन वर्षं औषधं लागतील.”

म्हणून मला ते पैसे हवे होते. पोरीच्या नावानं येणाऱ्या पैशाला हात लावताना माझा हात जळणार हे मला माहीत होतं, पण एक गेली, दुसरा तरी राहू दे, एवढाच माझा हिशेब.

त्या दिवशी आम्हाला कचेरीत प्रल्हाद शिंगटेनं त्याच्या जीपमधून आणलं होतं. प्रल्हाद आमच्या गावचा ठेकेदार. ग्रामपंचायतीची, शाळांची सगळी बांधकामं त्याचीच, आणि हे चौदा वर्षं त्याच्याच हाताखाली. पडली ती भिंतसुद्धा दीड वर्षापूर्वी ह्यांनीच बांधलेली. ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडावर बोलत नव्हतं. “पाऊसच तसा झाला,” असं म्हणायचे सगळे. मीही तेच म्हणत होते. प्रल्हाद दर आठवड्याला यायचा, कधी साखर, कधी गोडेतेल ठेवून जायचा, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसायचा. मला वाटायचं, माणूस चांगला आहे.

कारकुनाचे रकाने भरून झाले. तेवढ्यात प्रल्हाद बाहेरून स्टॅम्पपेपर घेऊन आला. त्यावर आधीच टाइप केलेलं होतं.

“वहिनी, एवढं शेवटचं. दोघांच्या सह्या झाल्या की पंधरा दिवसांत पैसे खात्यावर. साहेबांशी बोलून ठेवलंय मी.”

“काय आहे हे?”

“प्रतिज्ञापत्र,” कारकून म्हणाला. “वाचून दाखवतो. ‘सदर भिंत अतिवृष्टीमुळे कोसळली असून ही नैसर्गिक आपत्ती आहे. याबाबत आमची शाळा, ग्रामपंचायत, ठेकेदार अथवा कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही.’ इथं तुमची, इथं त्यांची.”

खोटं कशाला सांगू, मी पेन हातात घेतलं होतं. टोपणही काढलं होतं.

“पाऊस नव्हता,” हे म्हणाले.

कितीतरी दिवसांनी मी ह्यांचा आवाज असा ऐकला. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “पाऊस नव्हता. चार दिवस उघडीप होती. पोरींनी कपडे वाळत घातले होते वरच्या आळीला.”

“पंचनाम्यात अतिवृष्टी आहे,” कारकून म्हणाला.

“निवृत्ती, अरे आधीच्या आठवड्यात झाला नव्हता का? मुरला तो,” प्रल्हाद म्हणाला. “मुरलेल्या पाण्यानं पडली. सही कर बाबा. वहिनींकडं बघ.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि सरळ बाहेर चालायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे विहीर आली. मी पेन टेबलावर टाकून मागे धावले.

कचेरीच्या मागं सायकली आणि मोटरसायकली लावायची पत्र्याची शेड होती. तिथं हे एका खांबाला धरून उभे होते.

“अहो, काय करताय? सही करा. पाऊस होता नव्हता, आता काय फरक पडतो? मला तुम्हाला डॉक्टरकडं न्यायचंय.”

“पाया अर्धा फूट आहे,” हे म्हणाले.

“काय?”

“दीड फूट खोदायचा होता. अर्धाच खोदला. माल एकास बाराचा, बारा पाट्या वाळूला एक सिमेंट. वाळू कसली, मातीच ती. मी प्रल्हादला म्हणालो, ही भिंत राहायची नाही. तो म्हणाला, पोरींची मुतारी आहे, किल्ला बांधायचाय का? मी गप्प बांधली. सात फूट नेली.”

मला ते ऐकू येत होतं, पण आत जात नव्हतं. मी म्हणाले, “तुम्ही काय करणार? त्यानं माल दिला तसा तुम्ही—”

“रोहूनं मला सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“शाळा सुरू झाली त्या आठवड्यात. पप्पा, आमच्या मुतारीची भिंत हलते. टेकलं की हलते. मी म्हणालो, टेकू नकोस. ती म्हणाली, मी नाही टेकत, बाकीच्या टेकतात.” हे खांबाशी बोलत होते, माझ्याशी नव्हे. “मी जाऊन बघितलं पण नाही, कौसल्या. मला बघायची गरजच नव्हती.”

मी ह्यांना मारलं. आधी तोंडावर, मग जिथं लागेल तिथं. दोन्ही हातांनी मारलं. बांगड्या फुटल्या, ह्यांच्या कपाळावर रक्त आलं. सोळा वर्षांच्या संसारात मी कधी ह्यांना अरेतुरे केलं नव्हतं. त्या शेडमध्ये मी ओरडत होते, “तू मारलीस! तुला माहीत होतं! तू रोज तिला शाळेत धाडलीस! दप्तर भरून, वेणी घालून मी दिली तुझ्या हातात आणि तू धाडलीस!” हे नुसते उभे होते. हात वर करून तोंडही झाकलं नाही.

लोक जमले. कोणीतरी माझे दंड धरले. प्रल्हाद पळत आला आणि मागून आलेल्या नायब तहसीलदारांना म्हणाला, “बघा साहेब, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय. बिचाऱ्यांना किती खेपा घालायला लावायच्या? सही घेऊन मोकळं करू आजच.”

त्याच्या आवाजात इतकी माया होती! त्या मायेनंच मी भानावर आले. चार महिन्यांची साखर, गोडेतेल, खांद्यावरचा हात, जीप, सगळं माझ्यापुढे एका ओळीत उभं राहिलं. हा माणूस दर आठवड्याला आमच्या घरी येऊन काय बघत होता, तर निवृत्ती बोलतोय की अजून गप्प आहे.

मी दंड सोडवून घेतले, पदर नीट केला आणि कचेरीत गेले. टेबलावर तो स्टॅम्पपेपर तसाच होता. मी तो घडी करून पिशवीत टाकला.

“वहिनी, कागद कुठं नेताय? माझ्या पैशाचा आहे तो,” प्रल्हाद दारातून म्हणाला.

“म्हणूनच नेतेय.”

कारकून खुर्चीतून अर्धा उठला. आता पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाला, “बाई, रागानं काही करू नका. तक्रार केलीत तर ही फाईल इथंच थांबते. नैसर्गिक आपत्ती नाही म्हटल्यावर या निधीतून पैसे देता येत नाहीत. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. आधी सही करा, पैसे घ्या.”

“आणि मग तक्रार?”

तो परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, “मग कशी करणार? लिहूनच दिलेलं असणार ना तुम्ही.”

“मला एक सांगा. सहा वेळा आलो आम्ही. तुम्ही सगळ्यांनी मला विचारलं, पोर कशी मेली, किती वाजता मेली, तिचा धंदा काय होता. हा माणूस विहिरीत पाय सोडून बसतो. ह्याचं काय करायचं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?”

“त्याचा रकाना नाही बाई,” तो म्हणाला. चेष्टेनं नाही, खरंच सांगितलं त्यानं. फॉर्मची पानं उलटून बघितलीसुद्धा.

मी बाहेर आले तेव्हा हे शेडजवळच्या दगडावर बसले होते. कपाळावरचं रक्त तसंच. मी म्हणाले, “पोलीस ठाण्यात चाललेय. जे आत्ता मला सांगितलंत ते तिथं सांगाल?”

हे उठले. म्हणाले, “माझं नाव आधी घाल.”

प्रल्हादची जीप दारातच उभी होती. आम्ही तिच्याजवळून चालत ठाण्यात गेलो, मी पुढं, हे मागं.

संध्याकाळपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. फौजदार ह्यांना म्हणाले, “अरे बाबा, तू स्वतःच्याच गळ्यात अडकवून घेतोयस. कळतंय का?” हे म्हणाले, “कळतंय.” मग जबाब लिहून घेतला. पायाची खोली, मालाचं प्रमाण, वाळू कुठून आली, भिंत न बघताच सही करून गेलेला अभियंता, सगळं ह्यांनी सांगितलं, एका दमात. रोहिणीचं सांगताना मात्र थांबले. मी मदत केली नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यासारखं फार नाही. ह्यांना अटक झाली. प्रल्हादला अटकपूर्व जामीन मिळाला. हे अकरा दिवस आत होते. अभियंत्याची बदली झाली, तीही त्याच्या गावाजवळ. खटला सात वर्षं चालला. तो स्टॅम्पपेपर मी वकिलांना दाखवला, तर ते म्हणाले सही नसलेल्या कागदाला कोर्टात किंमत नाही. पंचनाम्यात अतिवृष्टी होती, ती तशीच राहिली, आणि शेवटी दोघंही सुटले. चार लाखांच्या फाईलवर शेरा पडला, ‘अर्जदारांनी मदत नाकारली’. आम्ही नाकारली नव्हती. मी आजही कोणी विचारलं तर सांगते, आम्ही नाकारली नव्हती. ती मदत आमची होती, भिंत पावसानं पडो नाहीतर माणसांनी पाडो. पोर तर आमचीच मेली होती ना?

एक झालं. पेपरात ह्यांचा जबाब छापून आला, तेव्हा प्रल्हादनं बांधलेल्या इतर शाळांच्या पालकांनी ओरड केली. अकरा शाळा तपासल्या. चार ठिकाणच्या मुताऱ्या पाडाव्या लागल्या. त्या चार शाळांत किती मुली होत्या ते मी कधी मोजलं नाही. मला ते मोजायचं नव्हतं. मला माझी हवी होती.

पण मला सांगायचंय ते ह्यांच्या अटकेनंतरच्या एका बुधवारचं.

हे कोठडीत जेवत नव्हते म्हणून तिथल्या डॉक्टरनं ह्यांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं मनाच्या आजारांचा विभाग होता. दर बुधवारी, केसपेपरचे पाच रुपये, औषधं फुकट. मी तिथल्या बाकावर बसून नुसती बघत राहिले. ज्या तहसील कचेरीत आमची फाईल चार महिने पडून होती, तिच्यापासून हा दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता. पुढारी आले, तलाठी आला, ग्रामसेवक आला, सहा कारकून झाले. एकानं, एकानंही, मला हे सांगितलं नव्हतं. मी मिरजेच्या डॉक्टरसाठी पैसे यायची वाट बघत, रात्रंदिवस विहिरीवर डोळा ठेवून बसले होते.

डॉक्टर फरांदे म्हणून तरुण बाई होत्या. जामिनावर सुटल्यावर मी ह्यांना दर बुधवारी त्यांच्याकडे नेत होते. घरी आम्ही बोलत नव्हतो. मी वाढायचे, हे जेवायचे. मी ह्यांना सोडून का गेले नाही, असं माहेरच्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. गेले असते तर मग रोहिणी कशी होती हे माहीत असलेलं दुसरं माणूस मला कुठं मिळणार होतं?

चौथ्या की पाचव्या बुधवारी डॉक्टर मला म्हणाल्या, “आज तुम्हीही आत या.”

“मी कशाला? आजारी हे आहेत.”

“बसा तर खरं.”

बसले. त्यांनी विचारलं, “कौसल्याताई, तुम्हाला कोणाचा राग येतो?”

मला हसूच आलं. मी म्हणाले, “वेळ आहे का तुमच्याकडं?” आणि मी सुरू केलं. प्रल्हाद शिंगटे. न बघता सही करणारा अभियंता. ‘अविवाहित’ विचारणारा कारकून. घर बांधा म्हणणारी चुलती. हे. ह्यांच्याकडे न बघता मी म्हणाले, हे. मग मी स्वतः, आवाज आल्यावर आधी डाव वाढणारी. मला वाटलं, संपली नावं. पण तोंडातून आणखी एक आलं.

“रोहिणीचा.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“तिनं ह्यांना सांगितलं. मला का नाही सांगितलं? मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर खिचडी शिजवत होते. रोज. मला सांगितलं असतं तर मी गाव उभं केलं असतं. हेडमास्तरांना धरलं असतं, प्रल्हादच्या दारात बसले असते, एक पोर त्या बाजूला जाऊ दिली नसती. तिला माहीत होतं आई कशी आहे ते. मग मला का नाही सांगितलं त्या कार्टीनं?”

मेलेल्या लेकराला मी कार्टी म्हणाले. इतके महिने मी धड रडले नव्हते, ते तेव्हा रडले. रडता रडता मला ह्यांचा आवाज आला.

“मी तिला नको म्हणालो होतो.”

मी वळून बघितलं. ह्यांचे दोन्ही हात मांड्यांवर होते, पालथे.

“ती तुलाच सांगायला निघाली होती. मी म्हणालो, आईला सांगू नकोस. आई भांडायला जाईल, प्रल्हाद मला कामावरनं काढेल. सुट्टीच्या दिवशी जाऊन मीच दुरुस्त करतो म्हणालो. ती म्हणाली, नक्की ना पप्पा? मी म्हणालो, नक्की.”

खोलीत टेबलपंखा फिरत होता. त्याच्या वाऱ्यानं केसपेपर हलला, तर डॉक्टरांनी त्यावर हात ठेवला. मला विचारलं, “ताई, तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायचंय का?”

मला ह्यांना पुन्हा मारायचं होतं. या वेळी मी थांबले नसते. आणि त्याच वेळी कुठंतरी काहीतरी सुटलं, कारण रोहिणी माझ्याकडे यायला निघाली होती. माझी पोर मलाच सांगायला निघाली होती.

“नाही,” मी डॉक्टरांना म्हणाले. “मी इथंच बसते.” मग खुर्ची ह्यांच्याकडे वळवली. “आणखी काय काय राहिलंय? आज सगळं सांगा. घरी गेल्यावर तुमच्याशी परत कधी बोलेन न बोलेन, मला माहीत नाही. पण आज सगळं सांगा.”

डॉक्टरांनी दार उघडून बाहेरच्या शिपायाला पुढचा पेशंट थांबवायला सांगितलं.

हे बोलायला लागले.